अहाकिस्टाला जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही आयर्लंडमधल्या कॉर्कला राहतो, त्यामुळे उन्हाळा आला की हे प्रश्न हमखास येतात. कुणाचे आईवडील मुंबई-पुण्याहून येणार असतात, कुणी लंडनहून चार दिवसांसाठी येतंय, कुणी नुसतंच १९८५ मध्ये बॉम्बस्फोटात पडलेल्या एअर इंडियाच्या कनिष्क विमानाबद्दल कुठेतरी वाचलंय आणि त्याचं स्मारक असलेलं ते गाव कुठलं ते विचारतंय. प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतोय. काही उत्तरं लांबलीत, पण ती लांबच असायला हवीत असं मला वाटतं.

अहाकिस्टा नेमकं आहे कुठे?

आयर्लंडच्या नैऋत्य कोपऱ्यात, काउंटी कॉर्कमध्ये. नकाशा उघडलात तर त्या बाजूला जमिनीच्या लांबलचक पट्ट्या अटलांटिकमध्ये घुसलेल्या दिसतील, त्यातली सगळ्यात अरुंद आणि सगळ्यात शांत म्हणजे शीप्स हेड. तिच्या उत्तरेला बॅन्ट्रीची खाडी, दक्षिणेला डनमॅनसची खाडी. डनमॅनसच्या बाजूने डरस गावातून किलक्रोहेनकडे जाणारा जो किनाऱ्याचा रस्ता आहे त्याच्यावर मधेच अहाकिस्टा लागतं. सगळ्यात जवळचं मोठं गाव बॅन्ट्री, तिथून साधारण २० किलोमीटर.

गाव केवढं आहे?

अगदीच लहान. एक छोटा धक्का, त्याला लागून एक पब, थोडं पुढे दुसरा पब ज्याचं छप्पर पत्र्याचं आहे म्हणून सगळे त्याला टिन पबच म्हणतात, विखुरलेली घरं, आणि बोटी नांगरायला एक सुरक्षित छोटी खाडी, जिला किचन कोव्ह म्हणतात. बाजारपेठ वगैरे शोधू नका, नाहीये. ऑगस्टमध्ये बोटींच्या शर्यती होतात तेव्हा गर्दी असते, बाकी वर्षभर तुम्ही, गुरं आणि समुद्र. रस्त्याच्या कडेची कुंपणं उन्हाळ्यात फ्युशियाच्या लाल फुलांनी लगडलेली असतात, डोंगरावर पिवळा गॉर्स असतो, आणि कोकणातून आलेल्या माणसाला एक गोष्ट लगेच ओळखीची वाटते ती म्हणजे दगडी गडगे, शेताशेतामध्ये रचलेले.

मग एवढ्या लांब या गावात जायचं कशाला?

कारण इथे एअर इंडियाच्या कनिष्क विमानात गेलेल्या ३२९ माणसांचं स्मारक आहे. आणि ते नुसतं बांधून सोडून दिलेलं नाही, गावाने ते १९८६ पासून सांभाळलंय. आपल्याकडे या घटनेबद्दल तिशीतल्या माणसाला विचारा, बहुतेकांना माहीत नसतं. ज्यांची माणसं नव्हती त्यांनी लक्षात ठेवलं आणि आपण विसरलो हे मला फार लागतं, म्हणून हे सगळं लिहितोय.

कनिष्कचं झालं काय होतं? माझा जन्म नंतरचा आहे.

तारीख २३ जून १९८५, रविवार. एअर इंडियाची फ्लाइट १८२, बोइंग ७४७ जातीचं विमान, त्याचं नाव 'सम्राट कनिष्क'. कॅनडातल्या टोरांटोहून निघून मॉन्ट्रियलला थांबून ते लंडनला यायचं होतं आणि तिथून पुढे दिल्ली आणि मुंबई. विमानात ३०७ प्रवासी आणि २२ कर्मचारी होते. कॅनडात शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागत होती त्यामुळे मुलांना घेऊन आजीआजोबांकडे निघालेली कुटुंबंच्या कुटुंबं होती, ८० हून जास्त तर लहान मुलं होती. आयरिश वेळेप्रमाणे सकाळी सव्वाआठच्या सुमारास, ३१,००० फुटांवर असताना सामानाच्या कप्प्यात ठेवलेल्या बॉम्बचा स्फोट झाला. आयर्लंडमधल्या शॅननच्या हवाई वाहतूक कंट्रोल रूममध्ये रडारवरचा ठिपका एकदम गायब झाला, वैमानिकांना मदत मागायलासुद्धा वेळ मिळाला नाही. विमान किनाऱ्यापासून सुमारे १९० किलोमीटरवर समुद्रात कोसळलं. कुणीही वाचलं नाही. ११ सप्टेंबर २००१ पर्यंत विमानावर झालेला जगातला सगळ्यात भीषण दहशतवादी हल्ला हाच होता.

त्याच दिवशी, याच्या साधारण तासभर आधी, जपानच्या नारिता विमानतळावर बॉम्ब असलेली दुसरी बॅग फुटली. तीसुद्धा एअर इंडियाच्याच विमानात चढायची होती. सामान हलवणारे दोन जपानी कामगार त्यात गेले. त्यांचा उल्लेख बऱ्याच वेळा राहून जातो.

बॅग विमानात चढलीच कशी?

व्हॅन्कुव्हरला एम. सिंग या नावाने तिकीट काढलेल्या माणसाने बॅग चेक इन केली, टोरांटोला जाणाऱ्या कॅनेडियन विमानात, आणि ती पुढे एअर इंडियात टाका म्हणून काउंटरवर हट्ट धरला. त्याची पुढची सीट कन्फर्म नव्हती त्यामुळे खरं तर बॅग पुढे पाठवायलाच नको होती, पण काउंटरवरच्या बाईंनी शेवटी टॅग लावून दिला. तो माणूस स्वतः विमानात बसलाच नाही. टोरांटोला सामान तपासायचं एक्स-रे मशीन बंद पडलं आणि उरलेल्या बॅगा हातातल्या यंत्राने तपासल्या. आज आपण विमानात चढलो नाही तर आपली बॅग उतरवतात, खोळंबा होतो, लोक वैतागतात. तेव्हा हा साधा नियम नीट पाळला असता तर ही माणसं घरी पोचली असती.

अजून एक. विमान टोरांटोहून दीडेक तास उशिरा निघालं होतं कारण दुरुस्तीला न्यायचं एक जादा इंजिन त्याच्या पंखाखाली बसवायचं होतं. वेळेवर निघालं असतं तर ते स्फोटाच्या वेळी लंडनला हीथ्रोवर किंवा त्याच्या अगदी जवळ असतं.

यात आयर्लंडचा काय संबंध? विमान तर यांच्या हद्दीतही उतरणार नव्हतं.

तसा काहीच नाही, आणि म्हणूनच पुढचं ऐका.

रविवारची सकाळ होती, लोक चर्चला निघायच्या तयारीत होते. बातमी आली तशी आयरिश नौदलाची गस्तीची बोट एल ई एशलिंग तिकडे वळली, लॉरेंशियन फॉरेस्ट नावाचं एक मालवाहू जहाज सगळ्यात आधी पोचलं, ब्रिटिश आणि अमेरिकन हेलिकॉप्टरं आली, आणि शेजारच्या काउंटी केरीमधल्या व्हॅलेंशिया बेटावरची लाइफबोटसुद्धा निघाली. ही लाइफबोट म्हणजे पगारी लोक नसतात, गावातलेच कोळी, दुकानदार, शेतकरी, पेजर वाजला की हातातलं काम टाकून पळतात. एवढ्या लांब खुल्या समुद्रात एवढ्याशा बोटीने जायचं म्हणजे किती तास लागले असतील विचार करा, आणि तिथे पोचल्यावर वाचवायला कुणीच नाही. एशलिंगवरची तरुण पोरं रबरी होडीत बसून, प्रसंगी पाण्यात उतरून एकेक देह वर घेत होती. त्यातल्या काहींना नंतर शौर्यपदकं मिळाली, पण ती पोरं आता म्हातारी झाली तरी मुलाखतीत त्या दिवसाबद्दल बोलताना मधेच थांबतात.

१३१ देह मिळाले. बाकीचे १९८ कधीच मिळाले नाहीत.

जे मिळाले ते कॉर्कच्या रीजनल हॉस्पिटलमध्ये आणले, जे आता कॉर्क युनिव्हर्सिटी हॉस्पिटल म्हणून ओळखलं जातं. पुढचे दिवस भारतातून, कॅनडातून नातेवाईक येत राहिले. ओळख पटवायची, कागदपत्रं करायची, आणि बऱ्याच जणांच्या नशिबी तर तेही नव्हतं, नुसतं वाट बघणं. अशा वेळी या शहराने जे केलं ते नातेवाईक आजही सांगतात. नर्सेस, पोलीस, स्वयंसेवक त्यांच्यासोबत बसून राहिले, अनोळखी लोकांनी घरी जेवायला नेलं, रस्त्यात थांबवून हात हातात घेतला. ८५ साली कॉर्कमध्ये साडी नेसलेली बाई दिसणं हीच नवलाई होती, पण त्या आठवड्यात ती दिसली की ती कोण आणि का आलीय हे सगळ्यांना कळत होतं. माझ्या हॉस्पिटलमधल्या ओळखीच्या एका जुन्या सिस्टर आहेत, त्या तेव्हा नुकत्याच कामाला लागल्या होत्या. मी भारतीय आहे हे कळल्यावर त्यांनी पहिलं वाक्य विचारलं ते अहाकिस्टाला गेलास का हेच.

स्मारक अहाकिस्टालाच का? कॉर्क शहरात का नाही?

कारण समुद्र इथे आहे. स्फोटाची जागा कुठल्याच किनाऱ्यावरून दिसत नाही, ती फार लांब आहे, पण आयर्लंडचा हा कोपरा त्या दिशेला तोंड करून आहे. ज्यांच्या माणसांचा देहच मिळाला नाही त्यांच्यासाठी तो समुद्र हीच शेवटची जागा. ८५ साली नातेवाईकांना या बाजूच्या किनाऱ्यावर आणलं होतं आणि त्यांनी पाण्यात फुलं सोडली होती. आपल्यात नदीत, समुद्रात अस्थी सोडतात, दिवे सोडतात, त्यामुळे त्यांना हे आतूनच पटलं असणार. बरोबर एका वर्षाने, २३ जून १९८६ ला, इथल्या स्मारकाचं अनावरण झालं.

स्मारकात बघायला काय आहे?

भव्य असं काही नाही, आणि ते तसंच बरं आहे. किनाऱ्याच्या रस्त्याला लागून लहानशी बाग आहे, पाटी आहे, गाडी लावायला थोडी जागा आहे. आत पायवाटेने खाली उतरलं की मधोमध सूर्यघड्याळ आहे, कॉर्कचे शिल्पकार केन टॉम्पसन यांनी घडवलेलं. त्याच्या मागे दगडी भिंत आणि तिच्यावर सगळी ३२९ नावं. पुढ्यात डनमॅनसची खाडी.

भिंतीपाशी वेळ काढा. घाई केलीत तर नावांची एक यादी दिसेल आणि तुम्ही पुढे जाल. सावकाश वाचायला लागलात की एकाच आडनावाची तीन, चार, पाच नावं एकाखाली एक येतात आणि मग लक्षात येतं की हे आईवडील आणि मुलं आहेत, घरात मागे कुणी उरलंच नाही. पंजाबी, गुजराती, तमिळ, तेलुगू, बंगाली, मराठी, पारशी, ख्रिश्चन, सगळी आडनावं आहेत, एका भिंतीवर अख्खा भारत आहे. भिंतीच्या पायथ्याशी बऱ्याचदा काहीतरी ठेवलेलं असतं, सुकलेली फुलं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून पावसापासून जपलेला फोटो, लहान मुलाचं खेळणं. खेळणी नवीन असतात. म्हणजे चाळीस वर्षांनंतरही कुणीतरी दुकानात जाऊन त्या मुलासाठी खेळणं विकत घेतंय.

पलीकडच्या काठावर, मिझन नावाच्या शेजारच्या पट्टीवर, माउंट गॅब्रिएल नावाचा डोंगर आहे, त्याच्या माथ्यावर दोन पांढरे घुमट आहेत. ती रडार आहेत, अटलांटिकवरून येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांवर लक्ष ठेवणारी. हवा स्वच्छ असेल तर वर बघा, एकामागून एक विमानांच्या रेघा दिसतात, तोच मार्ग आहे.

यात मुंबईचे, आपल्याकडचे लोक होते का?

हो. प्रवासी बहुतेक करून कॅनडाचे नागरिक होते, २६८ जण, पण त्यातले बहुसंख्य मूळचे भारतीयच. विमान शेवटी मुंबईला पोचायचं होतं, त्यामुळे सहारला घ्यायला येणारी माणसं होती. आणि २२ कर्मचारी तर एअर इंडियाचेच. कंपनीचं मुख्य ऑफिस तेव्हा नरिमन पॉइंटला, बहुतेक क्रूची घरं मुंबईत. कॅप्टन होते हंसे सिंग नरेंद्र. हिंदी सिनेमातले अभिनेते इंदर ठाकूर बायको आणि मुलासकट या विमानात होते. नामवंत शास्त्रज्ञ डॉ. यलवर्ती नायुडम्मा होते, जे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होऊन गेले होते. बाकीची नावं वर्तमानपत्रात एकदा यादीत छापून आली आणि संपली. ती सगळी इथे दगडात आहेत.

२३ जूनला तिथे काय असतं? बाहेरच्या माणसाने गेलं तर चालतं का?

चालतं, जरूर जा. दरवर्षी त्या दिवशी सकाळी लोक जमतात. नातेवाईक कॅनडाहून, भारतातून येतात, दरवर्षी संख्या थोडी कमी होते कारण ते आता वयस्क झालेत. भारताचे, कॅनडाचे, आयर्लंडचे प्रतिनिधी असतात. आणि गावातले लोक असतात, जे कुठल्याही निमंत्रणाशिवाय येतात कारण त्यांच्यासाठी हा वर्षातला एक ठरलेला दिवस आहे. ८ वाजून १३ मिनिटांनी सगळे शांत उभे राहतात. मग प्रार्थना, नंतर फुलं वाहतात.

२००५ मध्ये वीस वर्षं झाली तेव्हा कॅनडाचे पंतप्रधान पॉल मार्टिन आले होते. २०२५ मध्ये चाळीस वर्षं झाली, तेव्हा आयर्लंडचे पंतप्रधान मिहॉल मार्टिन हजर होते आणि भारताकडून केंद्रीय मंत्री हरदीप सिंग पुरी आले होते. अशा मोठ्या वर्षी बंदोबस्त असतो, रस्ता अरुंद आहे, त्यामुळे गाडी लांब लावून चालत यावं लागतं. साध्या वर्षी काही त्रास नाही, फक्त साडेसातपर्यंत पोचा. कपडे साधे घाला आणि जाकीट घ्या, जून असला तरी सकाळी समुद्रावरून येणारा वारा बोचतो.

दोषींना शिक्षा झाली का?

हा प्रश्न ज्येष्ठ मंडळी नेहमी विचारतात आणि उत्तर देताना मलाच त्रास होतो. तपास करणाऱ्यांच्या मते कटामागे कॅनडातले खलिस्तानवादी होते, सूत्रधार म्हणून तलविंदर सिंग परमारचं नाव घेतलं जातं, तो १९९२ मध्ये पंजाबात मारला गेला. शिक्षा झाली ती एकट्या इंदरजित सिंग रेयातला, बॉम्बचं सामान पुरवल्याबद्दल आणि पुढे कोर्टात खोटी साक्ष दिल्याबद्दल. २००५ मध्ये रिपुदमन सिंग मलिक आणि अजैब सिंग बागरी या दोघांची पुराव्याअभावी सुटका झाली. कॅनडाच्या गुप्तचर खात्याने पाळत ठेवून रेकॉर्ड केलेल्या शेकडो टेप पुसून टाकल्या होत्या. माजी न्यायमूर्ती जॉन मेजर यांच्या आयोगाने २०१० मध्ये अहवाल दिला, त्यात सरकारी यंत्रणांच्या एकामागून एक झालेल्या चुका मांडल्यात, आणि त्यानंतर पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी नातेवाईकांची माफी मागितली. पंचवीस वर्षांनी.

कॅनडाने बरीच वर्षं हे भारताचं प्रकरण मानलं आणि भारताने कॅनडाचं. दोन्हीकडच्या नातेवाईकांशी बोललं की हेच ऐकू येतं, आम्ही कुणाचेच नव्हतो. ज्यांना ही गोष्ट अंगावर घ्यायचं काही कारण नव्हतं त्या गावाने ती घेतली, याची किंमत त्यामुळे जास्त वाटते.

ब्लॅक बॉक्स सापडला होता ना?

हो, दोन्ही, जुलै १९८५ मध्येच, जवळजवळ दोन किलोमीटर खोल पाण्यातून. रिमोटने चालणारं यंत्र जहाजावरून खाली सोडून ते वर आणले. त्या काळासाठी हे फार मोठं काम होतं. भारतात न्यायमूर्ती कृपाल यांच्यापुढे चौकशी झाली आणि स्फोट बॉम्बचाच हा निष्कर्ष निघाला.

व्हिसा कुठला लागतो? शेंगेन चालेल का?

शेंगेन चालत नाही, आयर्लंड शेंगेनमध्ये नाही. भारतीय पासपोर्टवर आयर्लंडचा वेगळा व्हिसा लागतो. पण ब्रिटन-आयर्लंडची एक एकत्र योजना आहे, व्हिसावर बी आय व्ही एस असा शेरा असेल तर एकाच व्हिसावर दोन्ही देश करता येतात. ब्रिटनच्या व्हिसावर यायचं असेल तर आधी ब्रिटनमध्ये रीतसर प्रवेश करून मग इकडे यावं लागतं. पासपोर्टवर तो शेरा आहे का ते तिकीट काढायच्या आधी बघा, नुसत्या ब्रिटनच्या व्हिसावर येता येईल असं धरून चालू नका.

पोचायचं कसं?

भारतातून आयर्लंडला थेट विमान नाही, लंडन, दुबई, अबू धाबी किंवा युरोपातल्या एखाद्या शहरातून डब्लिनला या. डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून कॉर्कला ट्रेन आहे, अडीच तास. कॉर्कहून बॅन्ट्रीपर्यंत बस मिळते, पण बॅन्ट्रीच्या पुढे शीप्स हेडवर बसचा भरवसा नाही, आठवड्यात मोजक्याच वेळा लोकल बस असते आणि ती तुमच्या सोयीची असेल असं नाही. बॅन्ट्रीहून टॅक्सी ठरवा, जाऊन-येऊन आणि मधे थांबण्याचं आधीच बोलून घ्या. कॉर्कपर्यंत आलात आणि कुणी ओळखीचं असेल तर निःसंकोच सांगा, इथली आपली मंडळी शनिवार-रविवारी घेऊन जातात.

गाडी भाड्याने घेऊन चालवता येईल का?

इथे डाव्या बाजूनेच चालवतात त्यामुळे आपल्याला सवय लवकर होते. कॉर्क, बँडन, डनमॅनवे, बॅन्ट्री, डरस, अहाकिस्टा असा रस्ता, सगळे मिळून शंभरएक किलोमीटर आणि दोन तास. डरसपर्यंत काही प्रॉब्लेम नाही, पुढे रस्ता अरुंद आणि वळणावळणाचा. समोरून ट्रॅक्टर आला तर जिथे जागा असेल तिथे मागे घ्यायची तयारी ठेवा. इथे ज्याला जागा जवळ तो मागे घेतो आणि जाताना दोघं स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून ओळख देतात. तुम्हीही द्या. भारतीय लायसन्सवर गाडी देतात का हे मात्र प्रत्येक भाड्याच्या कंपनीला आधी विचारा, अटी वेगवेगळ्या असतात आणि गियरची गाडी नको असेल तर ऑटोमॅटिक लवकर बुक करावी लागते.

राहायचं, खायचं काय? आम्ही शाकाहारी आहोत.

बॅन्ट्रीत राहा, तिथे हॉटेलं आणि घरगुती बी अँड बी दोन्ही आहेत. अहाकिस्टाच्या आसपास उन्हाळ्यात भाड्याने घरं मिळतात पण ती महिनोन्‌महिने आधी भरतात. पबमध्ये मासे चांगले असतात. शाकाहारी असाल तर सूप, ब्राऊन ब्रेड, चिप्स एवढ्यावर भागवावं लागेल. म्हणून आम्ही सरळ डबा नेतो, थेपले, तिखटमिठाच्या पुऱ्या, दही असं. बॅन्ट्रीत सुपरमार्केट आहे आणि शुक्रवारी चौकात आठवडी बाजार भरतो, तिथे डरसचं चीज मिळतं जे या डोंगरातच बनतं आणि मला फार आवडतं. हिवाळ्यात गावातले पब रोज उघडे असतीलच असं नाही.

तिथे फुलं, दिवा, उदबत्ती चालते का?

फुलं जरूर न्या. बॅन्ट्रीतून घ्या, पुढे दुकान नाही. प्लास्टिकचं वेष्टन काढून ठेवा, वाऱ्याने ते समुद्रात जातं आणि मग गावातल्याच कुणालातरी गोळा करत बसावं लागतं. दिवा वाऱ्यात टिकत नाही. मनात काही म्हणायचं असेल, स्तोत्र, अभंग, खुशाल म्हणा, कुणी विचित्र नजरेने बघत नाही. मी तिथे शीख कुटुंबाला पाठ करताना पाहिलंय आणि त्याच वेळी बाजूच्या बाकावर एक आयरिश आजी जपमाळ घेऊन बसल्या होत्या. फोटो काढा, पण दुसरं कुणी भिंतीशी उभं असेल तर थांबा. सूर्यघड्याळाला टेकून पोज वगैरे प्लीज नको.

आसपास अजून काय बघण्यासारखं आहे?

भरपूर. गावाजवळ गॉर्टीनिश नावाच्या ठिकाणी प्राचीन दगडांचं वर्तुळ आहे, झाडीत लपलेलं होतं आणि शीप्स हेडची पायवाट आखताना सापडलं. ही पायवाट जवळजवळ ९० किलोमीटरची, १९९६ मध्ये तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष मेरी रॉबिन्सन यांनी तिचं उद्घाटन केलं. ती शेतकऱ्यांच्या खासगी जमिनींतून जाते आणि त्यांनी ती आपणहून मोकळी केलीय, म्हणून फाटक उघडलंत तर लावून घ्या आणि कुत्रा नेऊ नका, मेंढ्या असतात. सगळी चालायची गरज नाही, रस्ता जिथे संपतो तिथून टोकावरच्या दीपगृहापर्यंत जाऊन-येऊन दीड-दोन तास लागतात. दीपगृह १९६८ चं, बॅन्ट्रीच्या खाडीत येणाऱ्या मोठ्या तेलवाहू जहाजांसाठी बांधलेलं. दम असेल तर सीफिन चढा, ३४५ मीटर, वरून दोन्ही खाड्या एकदम दिसतात. परतताना किलक्रोहेनहून गोट्स पाथ नावाच्या रस्त्याने डोंगर ओलांडून बॅन्ट्रीच्या बाजूला उतरा, आलेल्या रस्त्यानेच परत जाऊ नका.

कधी जावं?

मे ते सप्टेंबर. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. पाऊस कधीही येतो, आपल्यासारखा कोसळत नाही पण भुरभुर थांबत नाही, छत्रीचा उपयोग शून्य कारण वारा. टोपीचं रेनकोट जाकीट आणि पकड असलेले बूट हवेत. डिसेंबरात साडेचार-पाचला अंधार होतो, तेव्हा त्या रस्त्याने नवख्या माणसाने गाडी नेऊ नये.

लहान मुलांना न्यावं का? त्यांना काय सांगायचं?

न्या. आम्ही आमच्या मुलीला नेलं होतं, पहिलीत होती. विमान पडलं आणि ही माणसं त्यात होती, या गावातले लोक त्यांची आठवण ठेवतात, एवढंच सांगितलं. तिने विचारलं की ही लोकं त्यांच्या ओळखीची होती का. नव्हती म्हटल्यावर तिला ते लगेच पटलं, मोठ्यांनाच समजवावं लागतं. बागेच्या खाली खडक आणि पाणी आहे, कठडा सगळीकडे नाही, त्यामुळे हात धरून ठेवा.

व्हीलचेअर किंवा गुडघे दुखणारे आजीआजोबा जाऊ शकतील का?

रस्त्यालगत गाडी उभी करता येते आणि बाग तिथूनच सुरू होते. वाट उताराची आहे, पावसात निसरडी होते, सोबतीला धडधाकट माणूस हवा. बसायला बाक आहेत. टॉयलेटची सोय तिथे आहे असं धरून निघू नका, बॅन्ट्री किंवा डरसला जाऊन या.

कॉर्कहून एका दिवसात होईल का?

आरामात. सकाळी आठला निघा, दहा-साडेदहाला स्मारकापाशी, तासभर तिथे. मग किलक्रोहेन, टोकापर्यंत जाऊन चालणं, डबा तिथेच खा. दुपारी गोट्स पाथवरून बॅन्ट्रीत चहा, संध्याकाळी सातपर्यंत कॉर्क. २३ जूनला जाणार असाल तर मात्र आदल्या रात्री बॅन्ट्रीत मुक्काम करा, कारण कॉर्कहून पहाटे पाचला निघून त्या रस्त्यावर घाई करण्यात अर्थ नाही, आणि पेट्रोल बॅन्ट्रीतच भरून घ्या.